तुमची ओळ, तुम्ही म्हणा

स्नेहसंमेलनात आमच्या बँडचा नंबर सगळ्यात शेवटी असायचा. नाच, नाटुकली, बक्षीस समारंभ सगळं उरकलेलं, लहान मुलं पेंगुळलेली, पालक घड्याळाकडे बघायला लागलेले. अशा वेळी चाळीस मिनिटं लोकांना धरून ठेवायचं काम सलग सात वर्षं आमच्याकडे होतं. मी गिटार वाजवायचो. त्या चाळीस मिनिटांइतका आनंद मला नंतर फार कशात मिळाला नाही.

पहिल्या वर्षी वाटलं होतं, आवाज मोठा ठेवला की झालं. गाणी बसलीही चांगली होती. पण प्रत्येक गाणं संपलं की आम्ही तारा जुळवायचो आणि पुढचं कुठलं घ्यायचं यावर स्टेजवरच कुजबुजायचो. कार्यक्रम संपला तेव्हा मागच्या तीन रांगा रिकाम्या होत्या. दुसऱ्या दिवशी संगीताचे सर एवढंच म्हणाले, "अरे, मधल्या वेळात तुम्ही एकमेकांकडे बघत होतात. मग त्यांनी कुणाकडे बघायचं?"

तिथून खरी तयारी सुरू झाली. गाण्यांची यादी प्रत्येकाच्या पायाशी चिकटवलेली. पहिली दोन गाणी मध्ये न थांबता, आणि संथ गाणं दुसऱ्या क्रमांकावर कधीच नाही. मी तारा जुळवत असेन तेव्हा कीबोर्डवाल्याने एक सूर धरून ठेवायचा आणि गायिकेने त्या सुरावरच लोकांशी बोलायचं. शांतता पडू द्यायची नाही असं नव्हे; पडली तर ती आम्ही ठरवून आणलेली असावी, असा सरांचा आग्रह.

सर्वांत मोठा वाद पट्टीवरून, म्हणजे गाणं किती उंच सुरात गायचं यावरून, झाला. गायिका पांढरी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी 'सा' धरून, सुंदर गायची, वरच्या सुरांना तिचा आवाज नुसता लखलखायचा. सरांनी शेवटचं गाणं एक सूर खाली, पांढरी चारवर आणायला लावलं. ती हिरमुसली. "सर, वरची मजाच जाईल." सर म्हणाले, "तुझी जाईल थोडी. पण त्यांचा गळा पोचेल." त्या वर्षी मुखडा पहिल्यांदा सगळ्या मैदानाने म्हटला, आणि सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला होता.

टाळ्यांचं गणित मात्र आम्हाला दोन वर्षं छळत होतं. लोक ठेका धरायचे आणि आमची लय ढासळायची. ड्रमवाला म्हणायचा, लोक चुकतात. लोक चुकत नव्हते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शेवटची रांग पन्नास मीटरवर असेल, तर आमचा ठोका तिथे पोचायला सेकंदाचा सातवा भाग लागतो आणि त्यांची टाळी आमच्यापर्यंत यायला तेवढाच. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अर्ध्या सेकंदाचं अंतर. म्हणजे ती टाळी पाऊण सोडा, पण अर्ध्या ठोक्याहून जास्त मागे येते. तिच्यामागे गेलात की गाणं रेंगाळलंच. मग ठरलं, ड्रमवाल्याने मान खाली घालून स्वतःची लय सांभाळायची आणि गायिकेने हात डोक्यावर नेऊन टाळी द्यायची. डोळ्यांनी बघून वाजवलेली टाळी फक्त परतीचा उशीर घेऊन येते. फरक त्याच संध्याकाळी कळला.

पाचव्या वर्षी दुसऱ्या गाण्यात माझी तार तुटली. दुसरी गिटार नव्हती. मी खाली बसून तार ओवत होतो, बोटं थरथरत होती, घामाने खुंटी सटकत होती. गायिकेने मैदानाचे तीन भाग केले. डावीकडच्यांना सम, म्हणजे आवर्तनाचा पहिला ठोका, दिली, उजवीकडच्यांना दुप्पट लय, आणि मधल्यांना चुटक्या. कुणीतरी चुकलं की तीच हसून पुन्हा मोजून द्यायची. मी मान वर केली तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक आजी डोळे मिटून, ओठांनी मोजत, अगदी बिनचूक चुटक्या वाजवत होत्या. तार बसली होती, पण मी लगेच वाजवायला घेतलं नाही. त्या तिन्ही भागांचा मेळ बसलेला ऐकत तसाच बसून राहिलो.

पुष्कळ वर्षांनी १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीचं चित्रीकरण बघितलं. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी निव्वळ आवाजाने एक छोटी तान टाकतो, थांबतो, आणि सगळं स्टेडियम ती परत करतं. मग तो जरा अवघड टाकतो. मला त्याच्या गळ्यापेक्षा तो थांबतो ते जास्त आवडतं. उत्तर येणारच, या खात्रीने तो थांबतो. आमच्या सरांनी हेच शिकवलं होतं. ओळ अर्धी सोडायची, माइक पुढे करायचा आणि घाबरून स्वतःच पुरी करायची नाही. "तुमची ओळ, तुम्ही म्हणा" हे गायिकेचं वाक्य शाळेत पुढे कितीतरी वर्षं चाललं.

यंदाच्या संमेलनाला गेलो होतो. मुद्दाम शेवटच्या रांगेत, सर उभे राहायचे तिथे, जाऊन उभा राहिलो. नव्या मुलांचा बँड होता. गाणाऱ्या मुलीने मुखड्याची अर्धी ओळ सोडली आणि माइक पुढे केला. एक मात्रा गेली, दुसरी गेली, कुणीच म्हणेना. तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली, पण तिने माइक मागे घेतला नाही. मी मोठ्याने सुरुवात केली. पट्टी माझ्या गळ्याला अगदी बरोबर बसली.