आमची वाटचाल : साहेबांच्या खात्यापासून सुरुवात

माहिती सुरक्षेचं काम करणारी आमची फर्म छोटी आहे. सुरुवातीला आम्ही नेटवर्क बसवून द्यायचो आणि त्याच ओघात फायरवॉलही, म्हणजे नेटवर्कमध्ये नको ती ये-जा अडवणारं उपकरणही, विकायचो. फायरवॉल बसली, बिल निघालं, विषय संपला. वर्षभराने दुरुस्तीला गेलं की दिसायचं, ‘कामात अडथळा येतो’ म्हणून कुणीतरी तिचे निम्मे नियम बंद करून टाकलेत. शेवटी उपकरणांची विक्री बाजूला ठेवून आम्ही सुरक्षेचे नियम प्रत्यक्षात पाळले जातील हे बघण्याच्या कामाकडे वळलो.

फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे 8.1 कोटी डॉलर चोरीला गेले. स्विफ्टचे, म्हणजे बँका ज्यावरून एकमेकींना पैसे पाठवण्याचे आदेश देतात त्या जाळ्यावरचे, संदेश आपोआप छापणारा प्रिंटर त्या दिवशी बंद होता आणि ही नेहमीची कटकट असं समजून कुणी लगेच खोलात गेलं नाही. आमच्या ग्राहकांना हा किस्सा सांगितला की आधी हसू येतं, मग खोली शांत होते. बंद प्रिंटर प्रत्येकाच्या ओळखीचा असतो.

विकसनशील देशांत सुरक्षेचं गाडं अडतं ते बहुतेकदा पैशापाशी, पण लोक समजतात तसं नाही. सॉफ्टवेअरचं लायसन्स डॉलरमध्ये, उत्पन्न स्थानिक चलनात. मग एका लॉगिनवर तिघं काम करतात, पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटलेली. कुठे नकली विंडोज असते आणि पकडले जाऊ या भीतीने अपडेट बंद. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने, जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा विंडोजमधली ती फट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच येऊन पडलं होतं. अशा ठिकाणी जाऊन लोकांना रागावण्यात अर्थ नसतो. कुणाला कुठलं सॉफ्टवेअर खरंच लागतं याची यादी केली की बरेच जण फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसवर भागवू शकतात, आणि वाचलेल्या पैशात गरजेची लायसन्स रीतसर घेता येतात. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डसोबत मोबाईलवरच्या कोडसारखा दुसरा पुरावा मागणं, तर बहुतेक सेवांमध्ये फुकटच मिळते.

आमच्याकडे येणारे पुष्कळ जण आयएसओ 27001 या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकासाठी येतात, कारण परदेशी ग्राहकाने प्रमाणपत्र मागितलेलं असतं. त्याला नावं ठेवणारे सल्लागार मला पटत नाहीत. त्या दडपणामुळेच तर दार उघडतं. मात्र त्या मानकाच्या 2022 च्या आवृत्तीतली 93 नियंत्रणं, म्हणजे सुरक्षेच्या उपायांची यादी, बघून घाबरलेली मंडळी कुठूनतरी तयार धोरण उचलून आणतात. एका फाईलमध्ये डेटा सेंटरच्या प्रवेशद्वारावरील पहारेकऱ्याची नोंदवही होती. प्रत्यक्षात सर्व्हर जिन्याखाली होता आणि त्याच्यावर झाडू टेकवलेला.

‘व्यवस्थापनाचा पाठिंबा हवा’ हे वाक्य प्रत्येक अहवालात असतं. आम्ही तो पाठिंबा बजेटवरच्या सहीने मोजत नाही. बहुतेक ठिकाणी नियमाला पहिला अपवाद साहेबच असतात: त्यांना दुहेरी पडताळणी नको, त्यांचा पासवर्ड सेक्रेटरीकडे. चोरांना नेमकं तेच खातं हवं असतं, कारण त्यावरून गेलेल्या ‘पैसे पाठवा’ला हिशेब विभाग प्रश्न विचारत नाही. म्हणून आम्ही सुरुवात त्याच खात्यापासून करतो. साहेबांनी कुरकुर न करता मोबाईलवरचा कोड टाकायला सुरुवात केली की खालच्यांची कुरकुर निम्म्याने ओसरते. ज्यांना हे मान्य नसतं, त्यांचं काम आम्ही घेत नाही. धंद्याच्या दृष्टीने हे महागच पडतं.

बॅकअपची तपासणीही आता साहेबांना समोर बसवूनच करतो. गेल्या महिन्यातली एक फाईल परत आणून दाखवा, एवढंच सांगायचं. एका संस्थेत आयटीवाल्या मुलाने ती आणलीही, पण बॅकअपची डिस्क सर्व्हरला कायमची जोडलेली होती. रॅन्समवेअर शिरलं तर दोन्ही एकदम जाणार, हे त्याने साहेबांना तिथेच सांगितलं. वेगळी काढून ठेवायच्या दुसऱ्या डिस्कचा त्याचा अर्ज कधीचा पडून होता. तो त्याच बैठकीत मंजूर झाला.