अडतीस

आषाढातली रात्र होती. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, एका सरकारी आरोग्य केंद्रात माझी रात्रपाळी. पाऊस संध्याकाळपासून ओतत होता, वीज दोनदा जाऊन आली होती. अडीचला आलेलं बाळंतपण उरकून मी जरा कुठे पाठ टेकते तोच सव्वापाचला दारात रिक्षा थांबली. एक आजी आणि तिचा अकरा वर्षांचा नातू. मुलगा पोट धरून वाकलेला.

"बाय, ताच्या पोटांत खूब दुखता," आजी म्हणाली. दोनदा ओकलाही होता.

नाडी ठीक, बीपी ठीक, ताप नाही, पोट हाताला मऊ. काल काय खाल्लं? शेजारी बारसं होतं, तिथे जेवला. झालं! माझ्यापुरतं निदान तिथेच ठरलं. ॲसिडिटीचं एक, उलटीचं एक अशी दोन इंजेक्शनं लिहिली आणि खाली 'निरीक्षणाखाली ठेवणे' असं खरडलं. खरं सांगायचं तर ते निरीक्षण कागदापुरतंच होतं. मी जाऊन पडले.

सहाला सिस्टरनी उठवलं. "मॅडम, हा पोरगा बघा ना कसा बघतोय."

तो हनुवटी वर करून, पापण्यांच्या फटीतून माझ्याकडे बघत होता. कपाळावर आठ्या. पापण्या उचलायचं काम बिचारं कपाळ करत होतं. "रातची झोप झाली नाही त्याची," आजी म्हणाली. मी बोट वर नेलं, बुबुळं अर्धवट मागोमाग आली, पापण्या जागच्या जागी. जीभ काढ म्हटलं तर दातांशी अडली. उशीवरून डोकं उचल म्हटलं, ते उचलेना.

"आजी, रात्री झोपला कुठे होता हा?"

"खाटेवर गळत होतं. जमिनीवर घातली चटई."

हा प्रश्न सव्वापाचला विचारायचा होता. जमिनीवर झोपलेलं माणूस, पावसाळा, पहाटे पोटदुखी आणि उलटी, मग उतरणाऱ्या पापण्या: मण्यार. परीक्षेत हे मी दोन पानं भरून लिहिलं होतं. पण परीक्षेत रुग्ण 'साप' या धड्याखाली येतो, इथे तो बारशाचं जेवून येतो.

मण्यारीचं असंच. घोणस चावली तर पाय सुजतो, माणूस ओरडत येतो. मण्यार रात्री अंथरुणात येते, तिचे दात एवढे बारीक की झोपलेल्याला जागही येत नाही. आम्ही टॉर्च घेऊन बोटांच्या बेचक्या पाहिल्या, कानामागे पाहिलं, केसांत पाहिलं. एक खूण सापडली नाही.

"एका श्वासात जेवढे जमतील तेवढे आकडे म्हण," मी त्याला सांगितलं. श्वासाचे स्नायू किती दमलेत ते कळायला याहून स्वस्त यंत्र नाही. शाळेतल्या सुरात तो एकवीसपर्यंत गेला. मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, सहा वाजून आठ मिनिटं.

प्रतिविषाच्या दहा बाटल्या काढल्या. मुलालाही मोठ्यांएवढाच डोस, कारण सापाने काही मुलाचं वजन बघून विष बेताने सोडलेलं नसतं. बाटलीत पांढरी पूड असते, तीत पाणी घालून ती हलक्या हाताने फिरवायची. हलवली की फेस येतो आणि औषध वाया. सिस्टर, मी आणि वॉर्डातला अटेंडंट, तिघंही तळव्यांत बाटल्या फिरवत उभे. आतून घाई आणि हात मात्र ताक घुसळायलाही पुरणार नाहीत एवढे हळू. हे औषध घोड्यांच्या रक्तातून काढतात आणि त्यासाठी लागणारं विष बरंचसं तामिळनाडूतल्या इरुळा साप पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून येतं. ते चालतं नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर. आमच्या रानातला चापडा चावला तर या बाटल्यांचा उपयोग नाही, आणि ते लोकांना समजावताना जीव जातो. ॲड्रेनलिन भरून बाजूला ठेवलं होतं, कारण घोड्याचं प्रथिन कुणाच्या अंगाला मानवेल सांगता येत नाही. सुदैवाने लागलं नाही.

काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता उभं ठेवलं. नळी आडवी केली तर रक्त घट्ट गोठलेलं, म्हणजे घोणस-फुरसे नव्हे. नागाचं विष असतं तर निओस्टिग्मिनने पापण्या थोड्या तरी उचलल्या असत्या, तेही देऊन पाहिलं. ढिम्म! मण्यारीचं विष मज्जातंतूची टोकंच निकामी करतं. प्रतिविष रक्तात फिरणारं विष आवरतं, पण जे टोकांत शिरलं ते शिरलं. टोकं पुन्हा उगवेपर्यंत श्वास कुणीतरी दुसऱ्याने घ्यायचा.

आजीने मध्येच विचारलं, "घाडीला बोलावू? गाऱ्हाणं घालू?" घाडी म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालणारा गावातला माणूस. मी म्हटलं, "घाला, पण मुलगा इथून हलणार तो बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजलाच." तिने तिथेच कोपऱ्यात उभं राहून देवचाराला, गावच्या राखणदाराला, हात जोडले. गाऱ्हाण्याला वेळ लागला नाही, माझ्या फोनला लागला.

मेडिकल कॉलेजातल्या सिनियरनी एकच विचारलं, "आकडे किती?"

"आत्ता नऊ."

"मग गाडीत ट्यूब घालायची पाळी कशाला आणतेस? तिथेच घाल आणि नीघ."

घातली श्वासनळीत. सहा नंबरची, पहिल्याच खेपेला गेली. नंतर बराच वेळ माझे गुडघे माझ्या ताब्यात नव्हते.

सव्वासातला आम्ही निघालो. आमच्या गाडीत व्हेंटिलेटर नव्हता, मीच व्हेंटिलेटर. दर चार सेकंदांनी अँबू बॅग, ती हाताने श्वास भरायची पिशवी, दाबायची. हात घाईला येऊ नयेत म्हणून मी मोठ्याने मोजत होते, शंभर झाले की पुन्हा एकपासून. होंड्याला पोदेराची, पाववाल्याची, सायकल पोंपों करत गेली. साखळी, आमोण्याचा पूल, खांडोळा. मुलाचं बोटसुद्धा हलत नव्हतं. आजी त्याच्या पायाशी बसली होती. तिला मी म्हटलं, "आजी, माझी चूक झाली. पाऊण तास मी गॅस समजून घालवला." ती काही बोलली नाही. पाय चोळत राहिली.

माशेलच्या पुढे, बाणस्तारीच्या पुलावर कामाला निघालेल्यांची रांग. एक ट्रक आडवा आला, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. मी बॅग सोडली नाही. जुने गोवे कधी गेलं कळलं नाही. साडेआठला बांबोळीला पोचलो तेव्हा उजव्या हाताची मूठ उघडेना, ती डाव्या हाताने उघडावी लागली.

तो सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता. नवव्या दिवशी माझी सुट्टी होती, कदंबाची बस धरून गेले. खाटेवर बसून पेज खात होता. आवाज घोगरा, पापण्या अजून किंचित जड.

"तुम्ही मोजत होता त्या," तो म्हणाला.

माझ्या पोटात खड्डा पडला. मण्यारीच्या रुग्णाला हलता येत नाही, पण ऐकू येतं. हेही मला पाठ होतं. ट्यूब घालताना झोपेचं औषध दिलं होतं, ते वाटेत उतरलं असणार आणि मी ते वेळेवर पुन्हा दिलं नव्हतं. म्हणजे त्याने काय काय ऐकलं? आजीला म्हटलेलं ते वाक्य?

"तुम्ही एकदा चुकलात," तो म्हणाला.

मी खाली बघितलं. "हो रे."

"सदतीसनंतर एकदम एकोणचाळीस म्हणालात. अडतीस गाळलात."

"कधी?"

"तो ट्रक आला तेव्हा. ड्रायव्हरकाकांनी त्याला शिवी घातली. कुठली ती सांगू?"

आजीने पेजेचा चमचा त्याच्या तोंडात कोंबला.