रिकीचं पब्लिक

बॉक्सिंगमधलं मला कळतं ते बेताचंच. तरी इंग्लंडचा बॉक्सर रिकी हॅटन याचं नाव निघालं की मला गप्प बसवत नाही. नोकरीनिमित्त मँचेस्टरला काही वर्षं काढली, त्या काळात तिथे फुटबॉल क्लबांवरून पडलेल्या दोनच जाती होत्या: युनायटेडवाले लाल आणि सिटीवाले निळे. रिकी मँचेस्टरजवळच्या हाइडचा, पक्का निळा. रिंगकडे यायचा तोही सिटीचं गाणं लावून. पण त्याची लढत असली की लाल मंडळीही घसा बसेपर्यंत ओरडायला हजर. २००७च्या जूनमध्ये लास व्हेगासला त्याचा विजेतेपदाचा पट्टा मिरवत पुढे चालला होता तो कोण, तर युनायटेडचा वेन रूनी!

त्या रात्री समोर होता मेक्सिकोचा होसे लुईस कास्तियो. चौथ्या राउंडमध्ये रिकीचा डावा हात त्याच्या उजव्या बरगड्यांखाली गेला. तिथे आत यकृत असतं. जबड्यावर ठोसा बसला की माणूस तिथल्या तिथे कोसळतो, यकृतावर बसला की क्षणभर काहीच झाल्यासारखं वाटत नाही. मग गुडघे दुमडतात. डोकं शाबूत असतं, मोजणारा रेफरी समोर दिसत असतो, पण श्वासच आत येत नाही. कास्तियो वळला, दोन पावलं गेला आणि बसला. पबमधले म्हातारे बोटानं स्वतःची बरगडी चाचपून हे समजावून सांगायचे, इतक्या हौसेनं की ऐकणाऱ्याच्याच पोटात कळ यावी.

पण लोक जमायचे ते नुसत्या ठोशासाठी नव्हे. हा गडी पूर्वी गालिचे बसवायचं काम करायचा, डार्ट्स खेळायचा आणि लढत संपली रे संपली की गिनेस बिअर आणि तळलेल्या नाश्त्यावर तुटून पडायचा. रिंगमध्ये ६३ किलोचा, एरवी चांगला गरगरीत. लोक ‘रिकी फॅटन’ म्हणून चिडवायचे. २००८च्या मे महिन्यात सिटीच्या स्टेडियमवर ५०,०००हून जास्त लोकांसमोर तो गुबगुबीत लठ्ठ माणसाचा पोशाख चढवूनच अवतरला. आता चिडवणार कोणाला?

त्याची सगळ्यात मोठी रात्र त्याआधीची, ५ जून २००५ची. रात्र कसली, अमेरिकेतल्या टीव्हीच्या सोयीसाठी लढत ठेवलेली पहाटे दोनला. समोर तेव्हाचा जगज्जेता कोस्त्या झू, नावानंच धडकी भरवणारा. अकरा राउंड रिकी त्याला चिकटून राहिला, मोकळा श्वास घेऊ दिला नाही. बाराव्यासाठी झूच्या प्रशिक्षकानं त्याला उठूच दिलं नाही. सकाळी शहरातला अर्धा कामकरी वर्ग बिनझोपेचा होता, नशीब रविवार होता.

डिसेंबर २००७मध्ये अमेरिकेचा अजिंक्य बॉक्सर फ्लॉइड मेवेदर यानं व्हेगासलाच दहाव्या राउंडमध्ये त्याला पाडलं, तेव्हा त्याच्यामागे हजारो लोक तिकीट हातात नसताना अटलांटिक ओलांडून गेले होते. नाताळच्या जुन्या चालीवर ‘एकच रिकी हॅटन’ गात राहिले, हरल्यावरही. अमेरिकेच्या राष्ट्रगीताला हुर्यो केली, ते मात्र मला तेव्हाही रुचलं नव्हतं.

१४ सप्टेंबर २०२५ला रिकी गेला, अवघ्या ४६व्या वर्षी. नैराश्याबद्दल तो उघडपणे बोलायचा, एवढ्या मोठ्या आवाजाच्या मधोमध राहूनही.

मला आठवतं ते २०१२चं पुनरागमन. साडेतीन वर्षांनी परतत होता, आणि प्रतिस्पर्धी कोण हे जाहीर व्हायच्या आधीच तिकिटं संपली. समोर कोण उभा राहणार याच्याशी कोणाला देणंघेणंच नव्हतं. निघाला युक्रेनचा व्याचेस्लाव सेन्चेन्को, आणि नवव्या राउंडमध्ये त्यानं रिकीला बसवलं ते नेमकं त्याच ठोशानं: डावा हात, उजवी बरगडी. दहा मोजून झाले तरी उठता आलं नाही. त्यानंतर पुन्हा निवृत्ती. पण तिकिटाचे पैसे फुकट गेले असं म्हणणारा एकही माणूस मला नंतर पबमध्ये भेटला नाही. उलट दोघंतिघं पुढच्या लढतीचं तिकीट कधी निघतंय, हेच विचारत होते.