दुपारी काढलेलं रात्रीचं तिकीट

रात्रीच्या फ्लाईटचं तिकीट मी कायम दुपारी काढते. पोट भरलेलं असतं, डोकं शांत असतं, समोर लॅपटॉप आणि त्यावर ती मोहात पाडणारी ओळ, निघणार रात्री ११:४०, पोचणार सकाळी ६:१०. झालं, हिशोब सुरू. अख्खा दिवस वाचला, हॉटेलची एक रात्र वाचली, तिकीटही बऱ्याचदा स्वस्त असतं, आणि झोपेचं काय, काढूच की विमानात! आता हे 'काढूच की' म्हणणारी मी वेगळी आणि पहाटे साडेतीनला मान वाकडी करून सीटवर टक्क जागी बसलेली मी वेगळी. पहिलीने दुसरीला आजवर एकदाही काही विचारलेलं नाही, परस्पर पैसे भरून मोकळी होते.

त्यात मध्यरात्रीनंतरची फ्लाईट असेल तर बघायलाच नको. एकदा माझ्या तिकिटावर स्वच्छ लिहिलं होतं, १४ तारीख, ००:३५. मी १४ ला संध्याकाळी निवांत बॅग भरतेय, चार्जर शोधतेय, मावसभाऊ मला सोडायला आलेला, त्याने सहज म्हणून तिकीट हातात घेतलं आणि एकदम गप्पच झाला. मग म्हणाला, "ताई, ही फ्लाईट काल गेली." मी म्हंटलं काल कशी जाईल, आज १४ आहे ना. तर म्हणे, "म्हणजे काल नाही गं, आजच गेली. पहाटे. म्हणजे काल रात्री." पुढची दहा मिनिटं आम्ही दोघं काल आणि आज याच्यावरच भांडत होतो, विमान कधीच पोचलेलं होतं. तसा यात दोष कुणाचाच नाही, माझाच आहे. घड्याळाचा दिवस रात्री बाराला बदलतो आणि माझा दिवस झोपून उठल्यावर बदलतो, एवढंच. तेव्हापासून अशा तिकिटाची नोंद मी आदल्या तारखेवर करते, '१३ ला जेवून निघणे', वेळ-बिळ नंतर.

पण एक मान्य करायला हवं, रात्री घरातून निघण्यात मजा असते. रस्ते मोकळे, सिग्नलला दोन गाड्या, उन्हाचा त्रास नाही. आणि विमान हलण्याची भीती वाटणाऱ्यांनी तर रात्रीच जावं, दिवसा जमीन तापून गरम हवा वर उसळत असते तो प्रकार रात्री बराच कमी होतो, त्यामुळे चढता-उतरताना धक्के कमी बसतात (वर ३५,००० फुटांवरच्या जोरदार वाऱ्यांना मात्र रात्र काय नी दिवस काय). टेकऑफच्या आधी आतले दिवे मंद करतात ना, ते मला कित्येक वर्षं वाटायचं की झोपा आता म्हणून करतात. कसलं काय! डोळ्यांना अंधाराची सवय आधीच व्हावी म्हणून करतात, म्हणजे उद्या पटकन बाहेर पडायची वेळ आली तर धडपडायला नको आणि जमिनीलगतचे वाट दाखवणारे दिवे चटकन दिसावेत. हे कळल्यापासून दिवे मंद झाले की मी जरा जास्तच जागी होते.

मग सुरू होतं झोपेचं खोबरं. केबिनमधली हवा इतकी कोरडी की आर्द्रता बरेचदा २० टक्क्यांच्याही खाली असते, घसा सुकतो, डोळे चुरचुरतात. हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असावा तसा, म्हणजे आपण रात्रभर एका डोंगरावर ताठ बसून झोपायचा प्रयत्न करत असतो, तेही दोन्ही कोपर पोटाशी घेऊन. ती मानेभोवतीची उशी माझ्याकडे तीन प्रकारची आहे. तिन्ही उशा विमानतळावर चालताना फार आरामदायक वाटतात. खिडकी घेतली तर टेकायला भिंत मिळते पण बाथरूमला जायचं म्हणजे दोन झोपलेल्या माणसांच्या गुडघ्यांवरून उडी, कडेची सीट घेतली तर जाता-येता प्रत्येकाचा खांदा आणि ट्रॉलीचा कोपरा आपल्यालाच. माझं मत खिडकी. पाणी कमी प्या असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट प्यावंच, आणि दर दोनेक तासांनी पायही मोकळे करावेत, तासन्‌तास एका जागी बसून पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका असतोच, पण शेजारी ढाराढूर झोपलेल्या माणसाला तिसऱ्यांदा उठवायला जी हिंमत लागते ती माझ्यात दुसऱ्यांदाच संपते.

आणि डोळा कधी लागतो? उतरायला पाऊण तास उरला की! नेमका तेव्हाच झोपू नये, कारण झोपेत आपण आवंढा कमी गिळतो आणि खाली येताना कानात दडे बसतात. म्हणजे सगळी रात्र झोप येईना आणि आली तेव्हा झोपायचं नाही.

अशा वेळी मला जॅक नाइट आठवतो. फेब्रुवारी १९२१, अमेरिकेत टपाल विमानाने रात्रीही नेता येतं का हे बघायचं होतं. खाली रस्ता दाखवायला लोकांनी शेकोट्या पेटवल्या होत्या, आणि हा गडी उघड्या विमानात, कडाक्याच्या थंडीत नेब्रास्कातून निघाला. ओमाहाला पुढचा पायलट आलाच नव्हता, तर जिथून तो कधी उडाला नव्हता त्या रस्त्याने नकाशा घेऊन तोच शिकागोपर्यंत गेला. आणि आडनाव नाइट! (स्पेलिंग वेगळं आहे, पण देवनागरीत गंमत जमते.) त्याच्यापुढे माझी वाकडी मान म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं, मानेला कळत नाही.

दिशेचंही एक आहेच. पूर्वेला निघालात तर रात्र कापली जाते, जेवणाचा ट्रे उचलेस्तोवर खिडकीत फटफटतं. पश्चिमेला गेलं की रात्र लांबते, आणि बरीच उत्तरेकडची वाट असेल तर सूर्य विमानाला नीट गाठतही नाही, पृथ्वीच्या फिरण्याचा वेग तिथे विमानाएवढाच होतो, पहाट नुसती मागे लटकून राहते. शरीराला पश्चिम जास्त मानवते म्हणे, कारण आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं, उशिरा झोपणं जमतं, लवकर झोप म्हंटलं की ते ऐकत नाही.

बरं, ज्यांच्या घरावरून आपण जातो त्यांचं काय? फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ विमानांचं नियमित येणं-जाणं बंद असतं, सिडनीलाही ११ ते ६. मला ते वाचून आधी राग आला होता, मग माझ्या घरावरून पहाटे चारला एक विमान गेलं आणि राग गेला.

आणि वाचवलेला दिवस? तो सकाळी सहाला हॉटेलच्या लॉबीत मिळतो, बॅगवर पाय ठेवून, कारण खोली दुपारी दोनशिवाय मिळत नाही.

तरीही मागच्या वेळी, सगळीकडे अंधार, लोक पांघरुणात गुडुप, मी खिडकीची झडप बोटभर वर केली. पंखाच्या टोकाला लाल दिवा, म्हणजे मी डाव्या बाजूला, आणि त्याच्या खाली एक बारीक नारिंगी रेघ, चाकूने ओढल्यासारखी. त्या फटीतून उजेडाची पट्टी शेजारच्या काकांच्या नाकावर पडली. त्यांनी एक डोळा उघडला.

"किती वाजले?"

"कुठले सांगू, निघालो तिथले का पोचणार तिथले?"

काकांनी जरा विचार केला आणि डोळा परत मिटला.