पितृपक्षात रुजू होताना

नोकरी बदलताना सर्वांत अवघड काळ कोणता, असे मला कोणी विचारले तर मी मुलाखतीचे नाव घेणार नाही आणि पहिल्या दिवसाचेही नाही. राजीनामा देऊन झाला आहे, नव्या ठिकाणचे नियुक्तीपत्र हातात आहे आणि मध्ये नोटीस पिरियडचे दोन महिने आहेत, तो काळ खरा अवघड. जुन्या कार्यालयात आपले मन लागत नाही, नव्या कार्यालयात आपल्याला अजून खुर्ची मिळालेली नसते, आणि भीतीला मात्र या रिकाम्या जागेत हवे तितके हातपाय पसरता येतात. २०२४ च्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत मी या काळातून गेले.

दादरच्या एका व्यापारी कंपनीच्या लेखा विभागात मी चौदा वर्षे होते. टॅली या हिशेबाच्या संगणकप्रणालीत नोंदी, जीएसटीची विवरणपत्रे, सात तारखेच्या आत टीडीएसचा भरणा हे सगळे इतके अंगवळणी पडले होते की कोणता व्यापारी कोणत्या महिन्यात बिल उशिरा पाठवील हेही मला आधी कळत असे. नवी नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलातील एका मोठ्या कंपनीत मिळाली. पगार चांगला होता, काम माझ्याच विषयातले होते, आणि तरीही राजीनामा दिल्याच्या रात्रीपासून पहाटे साडेतीनला जाग येऊ लागली. पोटात गोळा, तळहात ओले आणि डोक्यात एकच प्रश्न, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हे नसते धाडस कशासाठी?

घरच्यांनी धीर दिला, पण तो धीर बहुतेक ‘टेन्शन घेऊ नकोस’ या तीन शब्दांत संपत असे. माझे प्रामाणिक मत असे आहे की घाबरलेल्या माणसाला दिला जाणारा हा सर्वांत निरुपयोगी सल्ला आहे, कारण टेन्शन कोणी मागून घेत नाही. त्यात गणपती आले. दर्शनाला येणारा प्रत्येक पाहुणा मोदक हातात घेता घेता रुजू होण्याची तारीख विचारी आणि २३ सप्टेंबर हे उत्तर ऐकून क्षणभर गप्प होई, कारण अनंत चतुर्दशी १७ तारखेला होती आणि त्यानंतर पितृपक्ष लागत होता. घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती, तेव्हा दहा दिवस थांबायला काय हरकत आहे, असा सूर निघे. कंपनीला तारीख बदलायला सांगणे मला शक्य नव्हते आणि ते मला पटतही नव्हते, पण आधीच हळव्या झालेल्या मनाला तेवढे निमित्तही पुरेसे होते. या विषयावर शेवटचा शब्द माझ्या सासूबाईंचा ठरला. माझ्या मामेसासूबाईंना त्या म्हणाल्या, “अहो वहिनी, नवं काम पितृपक्षात करू नये हे खरं. पण नोकरी हे कुठलं नवं काम? पोटासाठी धावायचं हे जुनंच आहे.” त्यानंतर घरात तारखेची चर्चा झाली नाही.

त्या दिवसांत मला एक गोष्ट हळूहळू उमगली. मी ज्याला एक मोठी भीती समजत होते, ती प्रत्यक्षात चार-पाच वेगवेगळ्या भीतींची मोळी होती, आणि त्यातली प्रत्येक भीती वेगळ्या उपायाला दाद देत होती. कागदपत्रांची भीती विचार करून जात नाही, ती कागद गोळा करून जाते. प्रवासाची भीती प्रवास करूनच जाते. मी एका जुन्या डायरीत या भीती वेगवेगळ्या पानांवर लिहून काढल्या आणि जिच्यावर त्या आठवड्यात काही करता येईल तिलाच हात घातला.

पहिले पान कागदांचे होते. आधार, पॅन, शैक्षणिक प्रमाणपत्रे, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, कॅन्सल्ड चेक, छायाचित्रे आणि भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक ही मंडळी सहज जमली. अडले ते जुन्या कार्यालयाच्या रिलीव्हिंग लेटरपाशी, म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याच्या पत्रापाशी. ‘मालक बाहेरगावी आहेत’, ‘लेटरहेड संपले आहे’ अशी उत्तरे मिळू लागली आणि माझी झोप आणखी उडाली. शेवटी मी नव्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला सरळ ईमेल लिहून विचारले, तर राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल आणि शेवटचा दिवस लेखी कळवलेला असेल तर तूर्त चालेल, पत्र नंतर द्या, असे दोन ओळींचे उत्तर अर्ध्या तासात आले. हा प्रश्न मी पंधरा दिवस उराशी बाळगून बसले होते. ग्रॅच्युइटीचेही, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचेही, तसेच. पाच वर्षांहून अधिक सलग नोकरी झालेली असल्यामुळे १९७२ च्या कायद्यानुसार ती मिळणारच होती. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांना सव्वीसने भागून, पंधराने आणि नोकरीच्या वर्षांनी गुणून मी आकडा काढला आणि डायरीत लिहून ठेवला. नवी नोकरी जमली नाही तर घर काही महिने कशावर चालेल, या प्रश्नाला निदान एक उत्तर मिळाले.

दुसरे पान सॅपचे, म्हणजे नव्या कंपनीत हिशेबासाठी असलेल्या संगणकप्रणालीचे होते आणि ते मी सर्वांत जास्त टाळत होते. आयुष्यभर टॅलीवर काम केलेल्या माणसाला सॅपचा पडदा पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो परका वाटतोच. माझ्या मैत्रिणीचा भाऊ एका औषध कंपनीत सॅपवर काम करतो; त्याने दोन रविवारी दुपारी मला त्याच्या प्रशिक्षणाच्या वेळच्या टिपणांवरून कामाची रीत समजावली. पुरवठादाराचे बिल नोंदवायचे असेल तर एफबी६०, सर्वसाधारण खातेवहीतली नोंद असेल तर एफबी५०, पैसे द्यायचे असतील तर एफ-५३, असे संकेत मी पाठ करू लागले तेव्हा तो हसून म्हणाला, “ताई, पाठ करू नका, महिन्याभरात बोटंच टाइप करतील. आधी मला सांगा, या बिलात नावे काय आणि जमा काय?” मी सांगितले, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आले की पडद्यामागे नावे-जमा, म्हणजे डेबिट-क्रेडिट, तेच आहे. आगाऊ दिलेल्या रकमेचा मेळ कसा घालायचा, पुरवठादाराने विवरणपत्र भरले नाही म्हणून इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) कधी अडकते, महिनाअखेरीला कोणत्या तरतुदी करायच्या, हे मला येत होते; कळ कोणती दाबायची एवढेच येत नव्हते. आपल्याला नेमके काय येत नाही हे मोजून पाहिल्यावर ते बरेच लहान निघाले.

प्रवासाचे पान सोपे वाटेल, पण मुंबईत ते तसे नसते. मी मुलुंडला राहते. १ ऑगस्टपासून सायनचा जुना रेल्वे पूल पुनर्बांधणीसाठी वाहतुकीला बंद झाल्यामुळे त्या बाजूची गर्दी दुसऱ्या रस्त्यांवर आली होती, त्यामुळे रस्त्याने जाण्याचा विचार मी सोडून दिला. राहिला मार्ग मुलुंड ते कुर्ला धिम्या गाडीने आणि पुढे शेअर रिक्षाने. रविवारी जाऊन इमारत पाहून ये, असे नवऱ्याने सुचवले. रविवारच्या कुर्ल्यावरून सोमवारच्या कुर्ल्याची कल्पना येत नाही, म्हणून मी एका कामाच्या दिवशी अर्धी रजा टाकून ज्या वेळेला निघायचे त्याच वेळेला निघाले. ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीत महिलांच्या डब्यात बसायला मिळू शकते, विद्याविहार गेले की दाराशी सरकायला हवे, कुर्ल्याला पुलावर निदान दहा मिनिटे धरून चालावे, पश्चिमेला रिक्षाची रांग लांब दिसली तरी ती भराभर पुढे सरकते, हे सगळे मी त्या दिवशी टिपून घेतले. इमारतीच्या दाराशी पोहोचले तेव्हा सुरक्षारक्षकाने काय काम आहे असे विचारले. “पुढच्या महिन्यात इथे रुजू होणार आहे, रस्ता पाहायला आले होते,” असे मी सांगितले, तर त्याला त्यात काहीच विशेष वाटले नाही. “मग त्या मागच्या गेटनं या, मॅडम. इकडे व्हिजिटरची लाइन असते,” एवढे सांगून तो पुढच्या गाडीकडे वळला.

शरीराची भीती मात्र अशी कागदावर उतरत नव्हती. याबद्दल मी थोडे वाचले आणि एका माहितीचा मला फार उपयोग झाला. जाग आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात शरीरातील कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी स्वाभाविकपणेच चढते, म्हणजे सकाळी उठल्या उठल्या येणारी धडधड ही पुढच्या संकटाची बातमी असतेच असे नाही. तेव्हापासून, आंघोळ होईपर्यंत मनात येणाऱ्या कोणत्याही विचारावर निर्णय घ्यायचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. कॅफीनचा अंमल कित्येक तास टिकतो, म्हणून जुन्या कार्यालयातला साडेचारचा चहा बंद केला. तो मला सगळ्यात जड गेला. रात्री झोपण्यापूर्वी उद्याच्या कामांची यादी लिहू लागले. बेलर विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणारे तरुण हे, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा अंथरुणावर पडल्यावर लवकर झोपी गेले होते. प्रयोग लहान होता, पण यादी लिहायला पैसे पडत नाहीत. ‘मी शांत आहे’ असे बजावण्यापेक्षा ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणाऱ्यांची भाषणे सरस झाली, असेही हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ मधील प्रयोगांत दिसले होते. मी तेही करून पाहिले, पण आरशासमोर स्वतःला असे सांगताना मला हसू आले. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, ही साधी युक्ती मात्र गाडीत, गर्दीत, कोणाला न कळता करता आली. एवढे करूनही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांकडे जावे; सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठीच आहे. माझ्यावर तशी वेळ आली नाही, पण क्रमांक मी त्याच डायरीत लिहिला होता.

शेवटचे पान कोरेच राहिले. त्यावर मी ‘कमी पडले तर?’ एवढेच लिहिले होते, आणि त्यावर घरी बसून करता येण्याजोगे काही नव्हते.

जुन्या कार्यालयातला शेवटचा दिवस २० सप्टेंबर होता, म्हणजे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची अखेरची तारीख. त्या धावपळीत निरोपसमारंभ उरकला हे बरेच झाले. सोमवारी मी मागच्या दाराने आत गेले, छोट्या कॅमेऱ्यासमोर फोटो काढून घेतला, तात्पुरते कार्ड गळ्यात घातले आणि दुपारपर्यंत धोरणांच्या फाइली वाचत बसले, कारण माझा लॅपटॉपच तयार नव्हता. दोन महिने ज्या परीक्षेच्या धास्तीने मी जागले, ती घ्यायला तिथे कोणालाच वेळ नव्हता. जेवताना कुठे बसावे हा प्रश्न, जो मी लाजेने कोणाला सांगितलाही नव्हता, तोही चटकन सुटला. मी डबा घेऊन उभी असताना एक मुलगी म्हणाली, “मॅडम, तिथे नको, वरून एसीचं पाणी टपकतं. इकडे या.”

खरी ओळख झाली ती बुधवारी, २५ तारखेला. संध्याकाळी मुंबईत धो धो पाऊस कोसळला आणि मध्य रेल्वेची वाहतूक कोलमडली. आमच्या विभागातले भांडुप, घाटकोपर, मुलुंड अशा पट्ट्यात राहणारे चौघे कसेबसे कुर्ल्यापर्यंत पोहोचलो आणि फलाटावर उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी जाहीर झाल्याचे घरून कळले, मुलाची काळजी मिटली, आणि मग गप्पांना ऊत आला. कोणत्या साहेबांकडे मंजुरीसाठी सकाळीच जावे, कोणत्या पुरवठादाराची बिले हमखास चुकीच्या क्रमांकाने येतात, महिनाअखेरीला किती वाजेपर्यंत थांबावे लागते, हे सगळे मला त्या फलाटावर समजले. पुरवठादाराच्या बिलांचा तो घोळ ऐकून मी त्यावर जुन्या कार्यालयात काय करत असू ते सांगितले, तर डब्याच्या वेळी जागा देणारी तीच मुलगी म्हणाली, “हे उद्या सरांना सांगाल का? आम्ही दोन वर्षं हातानं जुळवतोय.” गाडी आल्यावर मिळेल त्या डब्यात शिरलो. गुरुवारी मी ते सरांना सांगितले; सांगताना आवाज कापत होता, पण मुद्दा ऐकून घेतला गेला.

आजही महिनाअखेरीच्या आदल्या रात्री मला लवकर जाग येते. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा ताळेबंद जुळवताना तर धडधड नोटीस पिरियडमध्ये होती तेवढीच होती. काही कामे मागाहून उरकली. आधीच्या पगाराचा तपशील फॉर्म १२बी मध्ये नव्या कंपनीला दिला, नाहीतर दोन्हीकडे वजावट धरली जाऊन वर्षाच्या शेवटी कर अंगावर आला असता. आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात जुन्या कार्यालयाने नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नाही, तेव्हा दोन महिने उलटल्यावर ती पोर्टलवर मीच भरली.

माझ्या नणंदेची मुलगी डोंबिवलीला राहते आणि येत्या महिन्यात अंधेरीला रुजू होते आहे. परवा तिने रात्री अकराला फोन करून पहिल्या दिवशी साडी नेसू की पंजाबी ड्रेस घालू असे विचारले. मी तिला म्हटले, तुला आवडेल ते घाल, पण आधी कॅन्सल्ड चेक शोधून ठेव, आणि या आठवड्यात एक दिवस रजा काढून सकाळी नऊला घाटकोपरला मेट्रोत शिरायची रांग कशी असते ते पाहून ये. ती गुरुवारी जाणार आहे.