नियम हवा असेल तर तेही लेखी कळवा

३१ जुलै २०२४ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाटातलं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचा मसुदा काढला. २०१४ पासूनचा हा सहावा. सिंधुदुर्गातलं आमचं गाव त्यातल्या यादीत होतं, आणि वाडीत चर्चा एकच होती, हरकत कशी घ्यायची. मला मात्र हा नियम हवा आहे. डोंगरावर काळ्या दगडाची खाण सुरू झाल्यापासून आमच्या झऱ्याचं पाणी मार्चमध्येच आटतं.

मसुदा सगळा वाचून काढला. सुरुवातीची पानं कुणी वाचत नाही, पण नियम कशासाठी हे सरकार तिथेच मांडतं: केंद्रानं पश्चिम घाटासाठी नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीचा अहवाल, आधीचे मसुदे, त्यांवर आलेल्या हरकती. पुढे निर्बंध आहेत. नवीन खाणी, दगडखाणी, वाळूउपसा बंद. चालू खाणी जास्तीत जास्त पाच वर्षांत बंद. राहत्या घरांची दुरुस्ती, वाढ प्रचलित कायद्यांप्रमाणे करता येते. हे ग्रामसभेत वाचून दाखवलं तेव्हा निम्मी भीती तिथेच गेली.

गावं निवडण्याची कसोटीही समजून घ्या. गावाचं २० टक्के किंवा जास्त क्षेत्र संवेदनशील ठरलं की अख्खं गाव यादीत येतं. त्यामुळे 'आमचं गाव वगळा' किंवा 'ठेवा' एवढ्यानं भागत नाही. मी खाणीचा सर्व्हे नंबर, झऱ्याची जागा, त्यावर चालणारी नळयोजना, सातबारा आणि दर मार्चला काढलेले तारखेचे फोटो जोडले. कुठला मुद्दा मसुद्यातल्या कुठल्या कलमाला धरून आहे, तेही लिहिलं.

राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून ६० दिवसांची मुदत असते. हरकतींबरोबर सूचनाही मागवलेल्या असतात, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पत्र दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनाच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवलं, ईमेलही केला, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत देऊन आवक क्रमांक घेतला.

मुदतीत आलेल्या हरकती-सूचनांचा विचार करूनच अंतिम अधिसूचना काढायची असते. फाइलमध्ये नुसता विरोधच असला तर गाव वगळायला आयतं कारण मिळतं. म्हणून झऱ्याखालच्या घरांतल्या बायकांनाही लिहायला बसवलं. एप्रिलमध्ये हंडे घेऊन कुठवर जावं लागतं, पहाटे किती वाजता उठावं लागतं, ते त्यांनी लिहिलंय. माझ्या पत्रापेक्षा ती पत्रं मला जास्त भक्कम वाटतात.