लेझीम पथकात हलगी कुणी वाजवायची?

पथक काढायचं ठरलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळांत पहिला वाद होतो तो फेट्याच्या रंगावर. मग लेझीम किती घ्यायच्या, बाराबंदी शिवायची की टी-शर्ट छापायचे. हलगी कुणी वाजवायची हे कुणी विचारत नाही, कारण उत्तर गावाला आधीच ठाऊक असतं. अमक्या गल्लीतली पोरं वाजवणार, तमक्या गल्लीतली खेळणार आणि पोरी फार तर पुढे कलश घेऊन चालणार. पोरापोरींना पुढारपण आणि न्यायाची सवय लावणारं पथक हवं असेल, तर फेटे बाजूला ठेवून आधी हा प्रश्न सोडवा.

आपल्याकडे हलगी हे नुसतं वाद्य नाही, ते गावकीचं, म्हणजे जातीने नेमून दिलेलं, काम होतं. दवंडीला हलगी, मयताला हलगी, जत्रेला हलगी. बाबासाहेबांच्या चळवळीत अनेक घरांनी गावकीची कामं सोडली, त्यात वाजवणंही सोडलं. 1925 साली निपाणीत त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली होती, तेव्हा ही गोष्ट या भागाला परकी नाही. त्यामुळे एखाद्या घरातून “आमचा पोरगा हलगी गळ्यात अडकवणार नाही” असं आलं, तर “अहो, ती कला आहे” म्हणत समजूत घालायला जाऊ नका. त्या नकारामागे दोन पिढ्यांचा हिशेब आहे. दुसऱ्या एखाद्या घरातूनही हेच वाक्य येईल, शब्दाला शब्द, पण तिथे कारण असतं “ते आपलं काम नव्हे”. पहिला नकार मान्य करायचा, दुसरा करायचा नाही. ज्या प्रशिक्षकाला या दोन्हींतला फरक कळत नाही, त्याच्या हातून पथक जुन्याच वाटणीवर जातं.

हे प्रत्यक्षात असं जमवता येतं. पहिले दोन आठवडे हलगी आणायचीच नाही. टाळ्या आणि शिट्टीवर काम चालतं. तिसऱ्या आठवड्यात हलगी आली की पहिली पाळी अशा पोरांची, ज्यांच्या घरात ती कधी आली नाही. मंडळाच्या अध्यक्षांचा पोरगा असेल तर उत्तमच. त्यानंतर पोरी. त्यानंतर ज्याला मनापासून वाजवायची असेल तो, कुठल्याही गल्लीचा असो. हलगी शेकायचं कामही पाळीतच धरायचं, नाहीतर वाजवतो एक आणि जाळासमोर डोळे चोळत बसतो दुसराच.

शेकण्याची रीत नीट शिकवावी लागते. कागद आणि वाळलेला पाचोळा पेटवायचा, जाळापासून वीतभर अंतरावर कातडं धरायचं आणि फिरवत राहायचं. एका जागी धरलं की कातडं करपतं आणि पुढच्या ठोक्याला तडकतं. मधे मधे बोटाने टिचकी मारून बघायचं. भदभद आवाज जाऊन टणटण यायला लागला की पुरे. पावसाळी हवेत अर्ध्या तासात कातडं पुन्हा उतरतं, म्हणून दोन हलग्या लागतात. एक वाजते, दुसरी शेकते. फायबरची हलगी घेतली तर जाळाची कटकट नाही, पण तिचा आवाज कानाला टोचतो आणि बंद खोलीत तर नकोसा होतो.

आता पथकाचा आकार. चोवीस खेळणारे, दोन हलग्या, एक घुमकं (लहान ढोलासारखं वाद्य), एक झांज एवढं पुष्कळ झालं. शंभर जणांचं पथक मिरवणुकीत शोभतं, पण त्यात कुणालाच काही शिकायला मिळत नाही, मागच्या पन्नास जणांना शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. चोविसांसाठी अठ्ठावीस लेझीम घ्या, चार हमखास दुरुस्तीत असतात. दहा-अकरा वर्षांच्या पोरांना हलकी लेझीम द्या. मोठ्यांची जड लेझीम दिली की तिसऱ्या दिवशी मनगट धरून बसतात आणि चौथ्या दिवशी येत नाहीत. नव्या लेझमीच्या चकत्यांच्या कडा धारदार असतात, त्यांवरून कानस फिरवा. दांड्याला साखळी जिथे अडकते ती कडी दर आठवड्याला तपासा. कडी सुटून साखळी शेजारच्याच्या तोंडावर बसते, सगळ्यात वाईट अपघात हाच. अंतर ठरवायला टेप लागत नाही: दोन्ही हात पसरून, हातात लेझीम धरून स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची, कुणाला लागलं नाही तर अंतर बरोबर.

हात, म्हणजे लेझमीचे प्रकार, तेच जुने: चार आवाज, एक जागा, आदी लगाव, पवित्रा, दोरुख, आगे फलांग. पहिल्या महिन्यात यातले तीन पुरे. लय मिनिटाला 80 ठोक्यांपासून सुरू करा आणि पोरांचा हात बसेपर्यंत 120 च्या वर जाऊ देऊ नका. हलगीवाला आपोआप पळतो, प्रत्येक नवा हलगीवाला पळतो. मोबाइलवरचं मेट्रोनोम एका पोराच्या कानात ठेवून त्याला हलगीवाल्यासमोर उभं करा.

पुढारपण शिकायचं ते शिट्टीवर. आठ मोजांचं आवर्तन असतं. हात बदलायची शिट्टी सहाव्या मोजाला वाजली, तर सात-आठमध्ये सगळ्यांना श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि पहिल्या मोजाला चोवीस लेझीम एकदम उघडतात. नवा शिट्टीवाला आठव्या मोजाला वाजवतो. मग पुढची ओळ बदलते, मागची जुन्याच हातावर राहते आणि मधल्या ओळीतली पोरं दोघांकडे बघत थांबतात. इथे प्रशिक्षकाने मधे पडायचं नाही. ज्याने उशिरा वाजवली त्यालाच विचारायचं, “मागची ओळ का फुटली?” पहिलं उत्तर “त्यांचं लक्ष नव्हतं” हे असतं. दोन-तीन वेळा तोच घोळ झाला की उत्तर बदलतं. हे उत्तर बदलणं, माझ्या मते, सगळ्या पथकातली सगळ्यात महत्त्वाची घटना आहे. आणखी एक: शिट्टीवाल्याचं तोंड पथकाकडे हवं. प्रेक्षकांकडे तोंड करून नाचणारा पुढारी आपल्याकडे उदंड आहे, त्याची रोपवाटिका काढायची गरज नाही.

कामं पाच: शिट्टी, हलगी, ओळ सांभाळणं, हजेरी, लेझमीची पेटी. दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून बदलायची. बारा आठवड्यांत प्रत्येकाला शिट्टी मिळाली पाहिजे, आठवड्याला दोघांना दिली की चोवीस पुरतात. यात हटकून एक गोष्ट बिघडते. कार्यक्रम जवळ आला की कुणीतरी म्हणतं, “आता राहू दे, शिट्टी त्या चांगल्या पोराकडेच द्या.” तो चांगला पोरगा बहुतेक वेळा शिक्षकाचा किंवा पंचाचा असतो. कार्यक्रम थोडा वाकडा झाला तरी चालेल, चिठ्ठी मोडू नका.

भाषेचं. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडे एकाच ओळीत मराठी आणि कन्नड घरची पोरं असतात. मोजणी एकदा “एक, दोन, तीन, चार” आणि एकदा “ओंदु, एरडु, मूरु, नाकु” करायची, आठवड्याभरात सगळ्यांना दोन्ही येतं. हलगीला दोन्हीकडे हलगीच म्हणतात, तेवढी सोय आहे. डोळ्ळु कुणितातले (कन्नड ढोलनृत्यातले) ठेके लेझमीवर छान बसतात, घरी कुणी वाजवणारं असेल तर त्याला बोलवा. सीमाप्रश्नावर तुमचं मत जे असेल ते असू द्या, माझंही आहे, पण 1 नोव्हेंबरला (एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिवस) पोरांचं पथक कुठल्याच बाजूने रस्त्यावर आणू नये. टी-शर्टवर घोषणा नको, कुणाचा फोटो नको.

मुलींबद्दल थोडं सविस्तर, कारण पथकं इथेच गळतात. बैठकीच्या हातांना नऊवारी सगळ्यांनाच सोपी पडत नाही. सलवार आणि कमरेला घट्ट बांधलेली ओढणी बरी. सराव उजेडातच संपवायचा, हिवाळ्यात सहाच्या आत. मैदानावर दोन मोठी माणसं, त्यांत एक बाई हवीच. शेजारच्या गावाहून येणाऱ्या मुलींना कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे जून 2023 पासून साध्या सरकारी बसला तिकीट लागत नाही, पण ओळखपत्र जवळ हवं. पोरांना मात्र तिकीट पडतं, तेव्हा प्रवासखर्च धरताना तो पोरांसाठी धरा. नावनोंदणीच्या कागदावर वडिलांच्या नावाचा रकाना ठेवू नका, “पालक” पुरतं. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची चाल या जिल्ह्यांनी पाहिली आहे. 1982 च्या कायद्याने तिला बंदी आहे, तरी देवदासींच्या मुलांना तो एक रकाना अजून टोचतो.

हजेरीची वही नीट वाचली तर ती बरंच सांगते. ऊसतोडीच्या दिवसांत काही पोरं घरच्यांबरोबर फडावर जातात, ती गैरहजेरी समजते. परीक्षेची समजते. पण चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, नेहमी येणारी, सलग तीनदा आली नाही आणि मैत्रिणी गप्प आहेत, असं दिसलं तर त्याच संध्याकाळी बाईंनी घरी जाऊन यावं. लग्नसराईत तर नक्कीच. लग्न ठरल्याचं कळलं तर 1098 या बालमदत क्रमांकावर फोन करा आणि तालुक्याच्या सीडीपीओंना (बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना) कळवा. 18 वर्षांखालच्या मुलीचं लग्न कर्नाटकात 2016 च्या दुरुस्तीने मुळातच रद्दबातल ठरतं, हे घरच्यांना शांतपणे सांगता येतं. फोन पोरांना करायला लावू नका. गाव लहान असतं, नाव लगेच फुटतं.

बसवायच्या विषयावर फार बोलत नाही. सहा-सात मिनिटांचा तुकडा बसवा, त्याहून लांबला की चौकातली माणसं पांगतात. विषय पोरांनी निवडावा. मोठ्यांनी निवडला की “बेटी बचाओ” नाहीतर “प्लॅस्टिकबंदी” येतं, पोरांनी निवडला की शाळेच्या कुलूपबंद संडासाचा विषय येतो. भाषण लिहून देऊ नका. पाठ केलेलं भाषण हलगी थांबल्यावर लगेच ओळखू येतं. त्यापेक्षा एक युक्ती: बारा आवर्तनांनंतर लेझीम पूर्ण थांबवायची, आठ मोज शांतता, त्यात एका पोरीने एकच वाक्य बोलायचं आणि लगेच पवित्रा. आठ मोज शांत उभं राहणं हे सगळ्यात अवघड काम आहे, साखळी हलतेच. त्यासाठी दांडा छातीशी आणि साखळी तळहातात मुठीत धरायची. तुकड्यात जो त्रास दाखवायचा तो ज्याच्या घरात आहे त्यालाच ती भूमिका देऊ नका, कितीही चांगली वठेल असं वाटलं तरी.

बेळगावात शिवजयंती वैशाखात, चित्ररथांची मिरवणूक रात्रभर. लहान पथक तिथे न्यायचं असेल तर संध्याकाळचाच टप्पा घ्या आणि दहाच्या आत पोरं घरी. डॉल्बीच्या गाड्यामागे उभं राहू नका, हलगी ऐकू येत नाही आणि लय सुटते. परतल्यावर लेझीम मोजून पेटीत, साखळीवरून तेलाचा बोळा फिरवून. मिरवणुकीत एक-दोन लेझीम हरवतातच. त्या आठवड्याच्या पेटीवाल्याने मंडळाच्या बैठकीत उभं राहून किती हरवल्या ते सांगायचं, प्रशिक्षकाने नाही.